हंगामी डीकन

आमच्या क्रुतोयार्स्कमध्ये पोर्फिरी गाव्रीलिच यांचा आवाज डोळ्यांनी दिसायचा. त्यांनी शेवटचा सूर लावला की वेदीपुढच्या मेणबत्त्या एका अंगाला कलत आणि डाव्या खिडकीतली एक सैल काच थरथरू लागे. ती काच घट्ट बसवून घ्यायला हवी असं फादर मित्रोफान दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी ते राहून जाई. ती वाजल्याशिवाय बायकांना सण झाल्यासारखं वाटतच नसे.

फादर मित्रोफान प्रार्थना म्हणत ती स्वतःच्या दाढीला ऐकू जाईल इतपत. ती लोकांपर्यंत पोचवायची ती त्यांच्या हाताखालच्या पोर्फिरी डीकननं. माणूस दारातून वाकून आत येणारा, कांद्याची कचोरी आवडीनं खाणारा, आणि दोघांनाच भिणारा. एक बायको ग्लाफिरा, दुसरी शेळी. चर्चमागचं तीन खिडक्यांचं लाकडी घर त्यांना हुद्द्याबरोबर मिळालेलं होतं. अंगणात सफरचंदाची झाडं, झाडांखाली मधमाश्यांच्या पेट्या. कुंपणापलीकडच्या खोलीत मी शिवणकाम करायची आणि रविवारी चर्चच्या गायनात दुसऱ्या आवाजात गायची. त्या घरातली भांडणं, गाणी आणि जाममध्ये साखर किती घालायची यावरचे वाद मला पाठ होते.

डीकनबाबांचं खरं वैभव म्हणजे ‘उदंड आयुष्य’. मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी झारचं नाव सगळ्या पदव्यांसकट घ्यायचं आणि त्याला उदंड आयुष्य मागायचं. ते सुरुवात करत इतक्या खालून, की आवाज आधी तळपायाला कळे. मग एकाच श्वासात, एकेक पायरी चढत, ‘निकोलाय अलेक्सांद्रोविच’ या नावाशी पोचत आणि तिथून वर थेट काचेपर्यंत. आम्ही गाणारे तीनदा ‘उदंड आयुष्य’ म्हणून उत्तर देत असू. त्यांच्या केसांत पांढरं येण्याआधीपासून ही शिडी तीच होती.

१९१७च्या मार्चमध्ये झार पायउतार झाला. थोड्याच दिवसांत वरून कागद आला, की यापुढे त्या जागी हंगामी सरकारचं नाव घ्यावं. आणि त्याच आठवड्यात चौकात स्वातंत्र्याचा उत्सव ठरला. आधी प्रार्थना, मग भाषणं.

कागद वाचून ग्लाफिरा म्हणाली, “अहो, हंगामी आहेत ना ते? मग उदंड कशाला मागता? बेतानं मागा.”

डीकनबाबा म्हणाले, कागदात तसंच लिहिलंय.

ते सकाळ-संध्याकाळ सराव करू लागले. स्वयंपाकघरातून ग्लाफिरानं हाकललं तेव्हा गोठ्यात, आणि शेळी दूध चोरायला लागली तेव्हा उघड्या अंगणात, गुडघाभर बर्फात. सुरुवात छान होई, मधल्या पायऱ्यांवर मात्र ते अडखळत. एकदा कुंपणाशी येऊन त्यांनी मला गाऱ्हाणं सांगितलं.

“नावच नाही गं, लीपा. एवढं चढून जायचं आणि वर माणूसच नाही. हाक कोणाला मारू?”

मी म्हटलं, मंत्र्यांना मारा.

“ते बारा-तेरा आहेत. आणि श्वास एकच.”

उत्सवाच्या दिवशी ऊन पडलं होतं. गावातलं लाल कापड संपलेलं, त्यामुळे कोणी परकराचा काठ छातीला लावला होता, कोणी उशीचा अभ्रा. डीकनबाबांच्या झग्यावर ग्लाफिरानं रजईच्या अस्तराची फीत शिवली होती. पावाच्या दुकानापुढची रांगसुद्धा रांग न मोडता वळून उभी राहिली, म्हणजे प्रार्थनाही होईल आणि नंबरही जाणार नाही.

पुढे आमचे दोन राज्यकर्ते. अवेनीर प्लातोनिच हे घोड्यांचे डॉक्टर, हंगामी सरकारनं त्यांना कमिसार, म्हणजे गावातला आपला कारभारी, नेमलं होतं. येगोर प्र्याखिन हा चुली आणि धुराडी बांधणारा, आता गावाजवळच्या छावणीतल्या सैनिकांनी निवडून दिलेला त्यांच्या पंचायतीचा, सोव्हिएतचा, अध्यक्ष. पळून गेलेल्या पोलीसप्रमुखाच्या घरात दोघांचा कारभार चाले. वरच्या मजल्यावर कमिसार आणि शिक्का, खालच्या मजल्यावर सोव्हिएत आणि बंदुका. वरचा हुकूम खाली पोचेपर्यंत त्याचा ठराव होई, आणि खालचा ठराव वर जाईपर्यंत त्याचा विचार सुरू असे. चहाचा बंब, समोवार, मात्र घरात एकच होता, त्यामुळे चहाला दोघांना बोलणं भागच पडे.

फादर मित्रोफान दाढीत पुटपुटले. डीकनबाबांनी श्वास घेतला. तो आवाज जमिनीतून वर यायला लागला तशी चौकातली कुजबुज थांबली. पहिली पायरी, दुसरी पायरी. मग मला दिसलं की त्यांनी डोळे मिटलेत. श्वास आपल्या सवयीच्या वाटेनं निघाला होता. लाल फीत लावलेली ती छाती फुगली आणि सगळ्या चौकावर, रांगेवर, झेंड्यांवर घुमलं, “निकोलाय अलेक्सांद्रोविच यांना उदंड आयुष्य लाभो.”

आणि आम्ही उत्तर दिलं. तीनदा. मी गायले, माझ्या शेजारची गायली, रांगेतल्या बायका गायल्या. अवेनीर प्लातोनिच यांनी टोपी काढून छातीशी धरली. प्र्याखिनच्या टाचा जुळल्या आणि हात कपाळाला गेला, त्यामागे सगळी सैनिकांची ओळ ताठ झाली.

मग रांगेतून कोणी बाई म्हणाली, “आता पाव कोण देणार, ते तरी ठरवा.” अर्धा चौक हसला. डीकनबाबांनी डोळे उघडले. एवढ्या मोठ्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे जे झालं ते रागानं झालं नाही, भीतीनं झालं. अवेनीर प्लातोनिचना वाटलं, आपण गप्प बसलो तर खालचे म्हणतील कमिसार झारच्या बाजूचा. प्र्याखिनला वाटलं, आपण गप्प बसलो तर सैनिक म्हणतील अध्यक्ष मऊ पडला. दोघांनीही एकाच सकाळी बोलावणं धाडलं. डीकनबाबा जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसले, मांडीवर ग्लाफिरानं दिलेली कचोरी. चौकशी वर व्हायची की खाली, यावर दुपारपर्यंत वाद झाला. शेवटी समोवार उकळला, तिघांनी जिन्यातच चहा घेतला, आणि प्र्याखिननं तोड काढली. ज्यांचा डीकन, त्यांनी मत द्यावं. ठेवायचा की काढायचा.

त्या वसंतात आमच्याकडे सगळ्यावर मतदान होत असे. हमामखान्यात बायकांचा वार कोणता, यावर झालं. शाळेतल्या मुलांनी बहुमतानं गणित बंद केलं होतं आणि मास्तरांनी एकमतानं चालू. आता पोर्फिरी डीकनवर होणार होतं. हरले तर हुद्द्याबरोबर घर जाणार, झाडं जाणार. ग्लाफिरानं मधाच्या बरण्या पेंढ्यात बांधून ठेवल्या. डीकनबाबा पेट्यांपाशी जाऊन उभे राहत. बर्फ वितळत होता, मधमाश्या पहिल्यांदाच बाहेर येत होत्या. त्यांनी मला विचारलं, “या जागा बदलली तर येतील का गं बरोबर?” मी म्हटलं, तुमचा आवाज ऐकून येतील. ते म्हणाले, आवाजानंच तर घात केलाय.

ईस्टरनंतरच्या रविवारी शाळेत सभा भरली. बाकांवर जागा नव्हती, लोक खिडक्यांत बसले होते. आधी विषय कोणत्या क्रमानं घ्यायचे यावर मतदान झालं. मग गावाबाहेरच्या शेतकऱ्यांनी विचारलं, जहागीरदाराचं नदीकाठचं कुरण आमचं कधी होणार. अवेनीर प्लातोनिच म्हणाले, ते पुढे निवडून येणारी संविधान सभा ठरवेल. सैनिकांनी विचारलं, जर्मनांशी लढाई कधी संपणार. त्यावर ते जरा खोकले आणि म्हणाले, हेही मुख्यतः संविधान सभाच. बायकांनी पिठाचं विचारलं तेव्हा कुणीतरी त्यांच्याआधीच खिडकीतून उत्तर देऊन टाकलं.

मग डीकनचा विषय. प्र्याखिन बोलला, जुन्या राजवटीचे सूर नव्या चौकात चालणार नाहीत वगैरे. अवेनीर प्लातोनिच त्याच्याहून थोडं जास्त कडक बोलले, आणि मग प्र्याखिनला पुन्हा उठून त्यांच्याहून कडक बोलावं लागलं. डीकनबाबांना विचारलं तेव्हा ते उभे राहिले. नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट.

“मी ठरवून केलं नाही. मला झारचा राग नव्हता आणि प्रेमही नव्हतं, मी त्याला कधी पाहिला नाही. पण श्वासाला वाट माहीत होती, तो गेला. चूक माझी. घर सोडायला सांगाल तर सोडेन, फक्त सफरचंदं उतरेपर्यंत थांबू द्या.”

तेवढ्यात ग्लाफिरा उठली.

“डीकननं हाक मारली, कबूल. पण ओ कोणी दिली? अवेनीर प्लातोनिच, टोपी तुमच्या डोक्यावर होती का हातात?”

अवेनीर प्लातोनिच म्हणाले, ऊन होतं, उकडत होतं.

“बर्फात. बरं. आणि तू, येगोर. आमचं धुराडं बांधलंस तेव्हा आठवडाभर आमच्या घरी जेवलास. तुझा हात कुठे होता रे?”

“टोपी सरळ करत होतो, काकू.”

“सगळ्या पलटणीच्या टोप्या एकदम वाकड्या झाल्या होत्या वाटतं.”

सभा हसली. आधी बायका, मग खिडक्यांतले, मग सैनिक. मीही हसले, आणि हसता हसता मला माझा आवाज आठवला, तीनदा दिलेला. प्र्याखिन लाल झाला, पण तोही हसत होता.

तरी मतदान व्हायचंच होतं. काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर प्र्याखिननं कमिसारकडे बघितलं आणि कमिसारनं प्र्याखिनकडे. दुसऱ्यानं आधी करावा अशी दोघांची इच्छा. सगळी सभा त्या दोन हातांकडे बघत राहिली आणि ते काही वर गेले नाहीत. ठेवावं असं म्हणायलाही दोघे धजेनात. शेवटी अवेनीर प्लातोनिच म्हणाले, राजधानीला, पेत्रोग्राडला तार करू.

तारेचं उत्तर मे महिन्यात, लिलॅक फुलल्यावर आलं. डीकन नेमावे की काढावे हा प्रश्न संविधान सभेपुढे मांडला जाईल, तोवर आहे ती व्यवस्था हंगामी समजावी. वरच्या मजल्यानं त्याचा कागद करून शिक्का मारला, खालच्या मजल्यानं सही केली. दोघांनी मिळून काढलेला तो एकच कागद, असं लोक म्हणत. त्या दिवसापासून पोर्फिरी गाव्रीलिच ‘हंगामी डीकन’ झाले. बाजारात लोक त्यांना त्याच नावानं हाक मारत आणि ते वळून नमस्कार करत. ग्लाफिरानं बरण्या पेंढ्यातून काढल्या.

पवित्र त्रैक्याच्या सणाला चर्चमध्ये बर्चच्या फांद्या लावल्या होत्या, जमिनीवर ताजं गवत पसरलेलं. तोवर पेत्रोग्राडात निम्मे मंत्री बदलले होते. डीकनबाबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते समोर बघत होते, पुढच्या ओळीतल्या अवेनीर प्लातोनिचच्या टकलाकडे आणि प्र्याखिनच्या चुन्यानं फाटलेल्या हातांकडे. त्या दोघांकडे बघत ते चढत गेले, एकदाही न अडखळता, आणि हंगामी सरकारला उदंड आयुष्य मागून मोकळे झाले. काच वाजली. नंतर मी विचारलं, कसं जमलं. म्हणाले, “वर माणसं सापडली गं. जेमतेम, पण सापडली.”

सफरचंदं उतरली. लोणच्याला घातली, वाळवली, उरलेली सैनिकांनी नेली. ऑक्टोबरच्या शेवटी पेत्रोग्राडहून बातमी आली की सरकार पडलं. अवेनीर प्लातोनिच वरच्या मजल्यावरून खाली आले, प्र्याखिनबरोबर चहा प्यायले आणि आपल्या घोड्यांकडे परत गेले. त्यांचा चेहरा मला बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसला.

पुढच्या रविवारी कोणताच कागद आला नव्हता. फादर मित्रोफाननी खांदे उडवले. डीकनबाबा त्या जागेशी आले, खालून सुरू झाले, पायऱ्या चढले, आणि जिथं नाव यायचं तिथं गप्प राहिले. एका नावापुरती शांतता ठेवून पुढचा सूर लावला. आम्ही तीनदा उत्तर दिलं. सगळं चर्च कोणासाठी गात होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

संध्याकाळी ते पेट्यांवर गोणपाट बांधत होते, थंडीआधीचं.

“कोणासाठी म्हटलंस आज?” त्यांनी कुंपणावरून विचारलं.

मी खोटं सांगितलं, अवेनीर प्लातोनिचसाठी, बिचारे दमलेत. “तुम्ही?”

“मी आपला यांच्यासाठी,” पेटीवर थाप मारून ते म्हणाले. आतून बारीक गुणगुण आली.

संविधान सभेच्या मतदानाला ग्लाफिरा ठेवणीतली शाल पांघरून गेली. ती सभा एकाच दिवसात मोडली, आमच्या डीकनच्या प्रश्नापर्यंत काही पोचली नाही. पुढे प्र्याखिनचीही जागा दुसऱ्यानं घेतली; डीकनबाबांना हंगामी करणाऱ्यांपैकी कोणीच पोलीसप्रमुखाच्या घरात उरलं नाही, म्हणून तो हुकूम मागे घ्यायलाही कोणी आलं नाही. शिक्का आणि सहीवाला तो कागद जाड, चांगल्या प्रतीचा होता. ग्लाफिरानं तो मधाच्या मोठ्या बरणीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधून टाकला. मला मध द्यायचा झाला की ती तो सोडी, आणि नीट घडी घालून पुन्हा बांधी.