रायपूरचं मशीन, भोपाळचा पासवर्ड

पुण्याहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीतून मी रायपूरला उतरले तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. स्टेशनबाहेरच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘राजधानी’ हा शब्द मात्र जोमात होता: राजधानी टेलर्स, राजधानी पंक्चर. मी युनिक्स सर्व्हर दुरुस्त करणारी बाई. काम एवढंच होतं, की एका सरकारी कार्यालयाचं मशीन चालू करताना ते आधी कुठे पाहील, तो क्रम बदलायचा. ते भोपाळहून आणलेलं होतं. वीज जाऊन-येऊन सुरू झालं की आपली डिस्क सोडून नेटवर्कवर भोपाळच्याच एका मशीनला हाका मारत बसायचं. ते मशीन वाटणीत तिकडेच राहिलं होतं.

कार्यालय शंकर नगरात, एका भाड्याच्या बंगल्यात. सर्व्हर स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी. तिथे शोभाताई भेटल्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, जन्म रायपूरचा, निम्मी नोकरी भोपाळात. राज्य फुटलं तेव्हा त्यांनी रायपूर मागून घेतलं.

“आधी खाऊन घे, पोट्टी,” त्या म्हणाल्या, आणि डबा उघडला. फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) आणि टमाट्याची चटणी. मी चार खाल्ले आणि पाचव्याला नको म्हणताना हात आपोआप पुढे गेला.

फाटकाबाहेर नव्याने निवडलेल्या शिक्षिका जमल्या होत्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाबरोबर सासरा. त्यांच्या नेमणुकांची यादी त्याच मशीनमध्ये होती, आणि दुपारी लागायची होती.

“यादी छापून होऊ दे, मग हात लाव,” शोभाताई म्हणाल्या.

“पाच मिनिटांचं काम आहे, ताई.”

हे वाक्य उच्चारणाऱ्यांना आमच्या धंद्यातून हाकलून द्यायला हवं. मी दोन कळा दाबून चालतं मशीन मधेच थांबवलं, बूटचा, म्हणजे सुरू होण्याचा, क्रम बदलला आणि ते नीट बंद न करता सरळ रीसेट केलं. मशीनने भोपाळचं नाव काढलं नाही. आपल्याच डिस्कवरून उठलं. मी ओट्यावर बोटांनी ताल धरला, तेवढ्यात पडद्यावर ओळ आली: डिस्कवरच्या फाइलींची तपासणी फसली आहे, मेंटेनन्स मोडमध्ये जाण्यासाठी रूटचा पासवर्ड द्या. म्हणजे मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय पुढे काहीही नाही.

“ताई, रूटचा पासवर्ड?”

“तो सक्सेनाजींजवळ.”

“सक्सेनाजी कुठे बसतात?”

“भोपाळले. त्याहीनं मध्य प्रदेश घेतला न.”

यादीची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेवढ्यात साहेब आत आले: चौबे साहेब, हेही भोपाळहून आलेले, जाड चष्मा, हातात रुमाल. मी घडलं ते सांगितलं. दोष माझाच आहे हेही सांगितलं, जरा हळू आवाजात. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “सक्सेना को फोन लगाइए।”

लाइन खराब होती. शोभाताई रिसीव्हर कानाशी धरून एकेक अक्षर ओरडत होत्या आणि साहेब स्वतः कागदावर उतरवून घेत होते.

“जे फॉर जबलपूर! एच फॉर होशंगाबाद! ए फॉर अंबिकापूर!”

“अंबिकापुर तो अब हमारा है,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

पी फॉर पचमढी, के फॉर कोरबा, आय फॉर इंदोर, जे फॉर जगदलपूर, आय फॉर इटारसी. दोन्ही राज्यांतली गावं एका ओळीत आली. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने जोडून वाचलं.

“झप-की-जी. झपकीजी?”

शोभाताई पंख्याकडे पाहू लागल्या. मला अर्थ कळला: झपकी म्हणजे डुलकी. जेवणानंतर खुर्चीत डुलकी घेणारे साहेब प्रत्येक कार्यालयात असतात, आणि त्यांना नाव पाडणारेही.

“पूरे दफ़्तर को मालूम था?” साहेबांनी विचारलं.

“पासवर्ड सिर्फ़ उनको मालूम था, सर,” शोभाताई म्हणाल्या.

“और नाम?”

त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. साहेबांनी कागद माझ्यासमोर ठेवला. “टाइप कीजिए मैडम। बाहर लोग खड़े हैं।”

मी टाइप केलं. डिस्कची तपासणी सुरू केली. दर थोड्या वेळाने मशीन विचारायचं, ही फाइल तुटली आहे, दुरुस्त करू का? मी ‘हो’ म्हणत गेले, आणि दर ‘हो’ला वाटायचं की एखाद्या बाईचं नाव पुसलं जातंय. साहेब उभेच होते. अर्ध्या तासाने यादी उघडली. सगळी पानं शाबूत. मी ती लगेच छापायला लावली.

शोभाताईंनी फोन अजून ठेवला नव्हता. ओट्याकडे पाठ करून त्या हळूच विचारत होत्या, “अम्मा कैसी हैं अब? और पैर का दर्द?” पलीकडून सक्सेनाजी बराच वेळ बोलत होते. त्या नुसतं “हव, हव” (हो, हो) म्हणत राहिल्या.

यादी छापून झाल्यावर साहेब स्वतः फाटकाशी गेले आणि प्रत्येक नाव खणखणीत आवाजात वाचलं. लांब जशपूरला नेमणूक झालेली एक बाई ऐकून रडली. तिचा सासरा म्हणाला, “जाबो न बेटी, संग म जाबो” (जाऊ ना पोरी, सोबत जाऊ).

दुसऱ्या सकाळी मी परतीच्या गाडीत बसले. सोडायला आलेल्या शोभाताईंनी खिडकीतून ठेठरीची (बेसनाच्या कडक तळलेल्या शेवांची) पिशवी दिली. गाडी हलली तरी त्या सांगतच होत्या, “इतकी घाई काहून करतं वो तू?” मी उत्तर द्यायच्या आत फलाट संपला.

राजनांदगाव गेल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. ‘बूटचा क्रम बदलला. मशीन सुरळीत.’ आमच्या अहवालांत इंजिनीअरची चूक लिहायची पद्धत नाही. विजेवर ढकलायचं, झालं. मीही ‘वीजपुरवठा खंडित’ असं लिहिलं. मग साहेबांचा फाटकाशी तो खणखणीत आवाज आठवला. भर कार्यालयात आपल्याला पाडलेलं नाव स्वतःच्या तोंडाने वाचूनही त्यांनी आधी काम पुढे नेलं होतं. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘चालतं मशीन मी घाईने थांबवलं.’ नोकरीत पहिल्यांदाच असं काही लिहिलं होतं. खाली सही केली आणि ठेठरी खात गोंदियापर्यंत आले.