भिंतीपलीकडचं घोरणं

आमच्या भिंतीपलीकडच्या भावजींइतका वेळेवर घोरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही. इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसची आणि त्यांच्या रो-हाऊसची भिंत एकच, त्यामुळे चाळीस वर्षं मी हे स्वतःच्या कानांनी ऐकत आले आहे. भावजी एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आणि माईकवरून गाड्या सोडता सोडता त्यांना स्वतःलाही सोडायची सवय लागली. बाहेर पडताना चपला घालत मोठ्याने सांगायचे, "निघतोय. भाजीबाजार, मार्गे पिठाची गिरणी. परत साडेअकरा." त्यांची बायको, आमच्या माई, आतून "बरं" म्हणायच्या. माई गेल्या, तरी भावजी बंद दाराला सांगूनच निघतात, आणि त्या "बरं"साठी क्षणभर थांबतात.

नोकरीत होते तेव्हा पहाटेची ड्यूटी करून यायचे, जेवायचे आणि एक दहाला आडवे व्हायचे. सव्वाला घोरणं सुरू. आधी गाडी नुसती गुरगुरायची, मग वेग धरायची, घोटीपर्यंत सरळ रस्ता आणि पुढे कसारा घाट. घाटात एक गिअर असा पडायचा की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. अडीचला गाडी उभी, भावजी चहाला. रिटायर झाले तरी वेळापत्रक तेच राहिलं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मी स्वतःला फार नाजूक समजत होते. खरं तर निफाडला, विहिरीवरच्या इंजिनाशेजारच्या खोलीत वाढलेली मी. इंजिन धडधडत असताना गाढ झोपायची. पण सासरी आल्याबरोबर माझी झोप एकदम सावध झाली, कारण सावध झोप घरंदाज बायकांना असते असं माझ्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. मी लाटण्याने भिंत ठोकायची. गिलाव्याला खळगा पडला, घोरण्यात खंड पडला नाही. शेवटी तरातरा माईंकडे गेले. "माई, भावजींना जरा कुशीवर वळवा ना." माई गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन्ही कुशी करून झाल्या गं. डावीवर सूर बरा लागतो, तुला तो हवाय का?" मग मी घर विका म्हणून यजमानांशी आठवडाभर अबोला धरला. यजमान म्हणाले, फार दिवसांनी घरात शांतता आहे.

आता यजमान जाऊन सहा वर्षं झाली, माई त्याआधीच गेल्या. मुलगा, सून, नातवंडं पुण्याला. दुपारी माझं एक ताट धुऊन झालं की फ्रीजची घरघर तेवढी उरते. आणि मग सव्वाला पलीकडून गाडी सुटायची. कुणीतरी माणूस हाताच्या अंतरावर निवांत झोपलंय, या भरवशावर मीही डोळे मिटायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं बोटं मोडल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात ज्येष्ठ नागरिकांची कोकणची सहल निघाली आणि भावजींबरोबर खोलीत राहायला कुणी तयार होईना. माणूस दुखावला आणि घोरण्यावर थेट लेझर करून घ्यायला निघाला. "कापाकापी नाही वहिनी, टाके नाहीत, भूल नाही," ते मला समजावत होते, जणू मलाच करायचंय. "तोंडात, टाळ्यावर नुसता उजेड मारतात, ऊब लागते. महिन्या-महिन्याने तीन वेळा." झोपेत श्वास अडकत नाही हे डॉक्टरांनी यंत्र लावून आधीच तपासलं होतं, दोष फक्त आवाजाचा. अडचण एकच होती. घरातल्या माणसाने दर महिन्याला घोरण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे, असा एक कागद मिळाला होता. "घरातलं कुणी नाही म्हटलं," भावजी कागदाकडे बघत म्हणाले, "भिंतीपलीकडचं आहे. चालेल म्हणाले."

मी गुण इमानदारीने दिले. नऊ, सहा, दोन, आणि तिसऱ्या खेपेनंतर शून्य. भावजींनी पेढे वाटले आणि चौघांच्या खोलीत राहून सहल करून आले.

आणि माझी दुपार बंद पडली. सव्वा वाजायचा, काही सुटायचं नाही. पहिल्या दिवशी दीडपर्यंत भिंतीला कान लावून उभी राहिले, मग धास्तावून त्यांची बेल वाजवली. भावजी डोळे चोळत आले. आता काय सांगू, तुम्ही आहात ना ते बघायला आले? "कढीपत्ता हवा होता," म्हटलं. त्यांच्या अंगणात झाड आहे. दुसऱ्या दिवशीही कढीपत्ता. वर्षभरात मी त्या झाडाचा खराटा करून टाकला.

गेल्या सोमवारी सव्वाला पलीकडे काहीतरी गुरगुरलं. अगदी बारीक, पिंपळगावच्या हायवेवरून लांब कुठेतरी टेम्पो जावा तसं. मी उशी भिंतीकडे सरकवली, त्या जुन्या खळग्यापाशी, आणि चारपर्यंत झोपले. मंगळवारीही. बुधवारीही.

शुक्रवारी संध्याकाळी भावजी तोच कागद घेऊन आले. लेझरचा गुण साधारण वर्षभर टिकतो. आवाज परत आला असेल तर आणखी एकदा उजेड मारायला बोलावलंय. "डिसेंबरात पुन्हा सहल आहे. किती लिहू, वहिनी?"

"शून्य," मी म्हटलं.

भावजींनी पेनाचं टोपण काढलं नाही. "पाच दिवस कढीपत्त्याला आला नाहीत, म्हणून विचारलं."

मी उगाच वळून गॅसकडे बघितलं. गॅसवर काहीच नव्हतं.

मग त्यांनी टोपण काढलं, एक मोठं गोल शून्य काढलं आणि घडी करून कागद खिशात टाकला. "कोकण काय, पाहून झालंय," म्हणाले. दारात चपला घालत सवयीने बोलले, "निघतोय. घरी. उद्या एक दहाला झोपतो." आणि नेहमीसारखे क्षणभर थांबले.

"बरं," मी म्हटलं.