डिफरन्शियल बघायचा कार्यक्रम

शिवाजीनगरच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात एक अण्णा मला दर रविवारी दिसायचे. इस्त्रीचा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी खडू. आपल्या जुन्या जीपमध्ये त्यांनी दांडगं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याला साजेसं मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा गिअरचा गोळा, हवं होतं, नाहीतर गाडी नुसती ओरडते, पळत नाही.

अण्णा खडूची खूण करून एक्सल एकदा पूर्ण फिरवायचे, तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते पुटपुटत मोजायचे, कान लावून ऐकायचे आणि मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखं नाक मुरडायचे. "स्वल्प खरखरतंय." त्यांना वर्षानुवर्षं चहा पाजून दुकानदार दमला होता.

मग माझ्याही जीपचं इंजिन बदललं. कुठलं इंजिन, टायर केवढे, एवढंच विचारून अण्णांनी ढिगातलं एक डिफरन्शियल फिरवून बघितलं. "हे घ्या. झकास पळेल."

मी म्हटलं, "अण्णा, माझं लगेच जमवलंत, मग तुमचंच इतकी वर्षं कसं अडलंय?"

पुढच्या डिफरन्शियलपाशी खडू घेऊन उकिडवे बसत ते हसले.

"तुम्हाला गाडी चालवायचीय हो!"