परत न टाकलेले चिंचोके

आधी माफी मागतो. देवीदास मास्तरांबद्दल लिहिण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांचा, किंवा पांढरकवड्यातल्या त्या सगळ्यांचा, ज्यांचे लग्नाचे कपडे त्यांनी शिवले. मी त्यांचा नातेवाईक नाही. आमच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण मास्तरांना जाऊन पाच आठवडे झाले आणि त्यांना सांगायची एक गोष्ट माझ्याजवळ तशीच राहून गेली... ती कुठेतरी ठेवावी, म्हणून हे लिहितो आहे.

मी नववीत होतो, पांढरकवड्याला वसतिगृहात राहत होतो. माझी पँट उसवली होती, म्हणून माझा मित्र गजानन मला मास्तरांच्या दुकानात घेऊन गेला. भिंतीवर खिळ्याला मापाचे कागद टांगलेले होते. त्यातल्या एकावर अर्धा राक्षस होता, पंख आणि शेपूट, डोकं कापलेलं. मी विचारलं, "मास्तर, हे काय आहे?" ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "ब्लाउजची बाही." "पण बाहीवर काय आहे?" तेव्हा कुठे मशीन थांबली. "थेच तर मले समजून नाई राह्यलं. तुले इंग्रजी येते का?" मी म्हणालो, थोडी. गजानन म्हणाला, "निलेशले? याले मराठी येते का पाहा आधी." मास्तर हसले आणि मशीनखालून एक गठ्ठा काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

ती इंग्रजी मासिकं होती, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. हैदराबादच्या रद्दीतून कोण्या ट्रकवाल्याने आणून दिलेली, कारण कागद जाड होता आणि मापं कापायला जाड कागद चांगला. तेरा होती. दोन कापून झाल्यावर मास्तरांनी तिसऱ्यातलं चित्र नीट पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. उरली अकरा. त्यांत भुयारांचे नकाशे होते, राक्षसांच्या जाती होत्या, कोणत्या तलवारीचा घाव किती याची कोष्टकं होती. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं शब्दकोश घेऊन बसायचो. हा एक खेळ आहे, एवढं समजायलाच पावसाळा संपला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कोणीतरी व्हायचं, आणि उडी जमली की नाही, वार लागला की नाही, हे आकड्याने ठरवायचं. मास्तरांना सगळ्यात आवडायचं ते वाचकांच्या पत्रांचं पान. कोण कुठल्या देशातले लोक नियमांवरून एकमेकांशी भांडायचे. "पाहा बरं," ते म्हणायचे, "किती शिकलेले लोकं, आन् भांडण कायचं, तं जादूगारानं चिलखत घालावं का नाई."

गोष्ट मास्तर सांगायचे. मासिकातला किल्ला त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला. "किल्ला कोणं पाह्यला इथं? जंगल घेऊ." मी झालो हेमला नायक, मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा घेऊन जंगल पार करणारा. माझे पणजोबा खरंच असं मीठ वाहायचे, असं आजा सांगायचा. तांड्याच्या बाहेर कोणी त्या गोष्टीला पराक्रम म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दुकानात.

या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. जाहिरातीत त्याचं चित्र होतं, पण तो आम्हाला कुठे मिळणार? मास्तरांनी वीस चिंचोके घेतले, त्यांच्या मुलीच्या, वैशालीच्या, नेलपॉलिशने त्यांवर एक ते वीस आकडे काढले आणि उरलेल्या अस्तराची नाडीची पिशवी शिवली. न पाहता एक चिंचोका काढायचा. मोठा आकडा चांगला, लहान वाईट, एक सगळ्यात वाईट. निघालेला चिंचोका बटणांच्या डब्यात जायचा आणि वीसही संपेपर्यंत पिशवीत परत जायचा नाही. हे चूक आहे अशी शंकाही आम्हाला आली नाही. मास्तर गणपतीत तंबोला खेळवायचे, आणि तंबोल्यात निघालेला आकडा कोणी परत टाकतं का?

त्यामुळे आमचा खेळ वेगळाच झाला. हेमला नायकाचा बैल नदीत वाहून गेला आणि मी तोंड पाडून बसलो, की मास्तर म्हणायचे, "एकचा आकडा निघाला ना? आता थो पिशवीत नाई. हो पुढं." अकरावीत मी गणितात नापास झालो तेव्हाही ते तेच म्हणाले, काज करता करता. मागच्या वर्षी त्यांच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर खाटेवरून हसून म्हणाले, "वाईट होता थो निघून गेला बावा. आता काय, चांगलेच उरले."

नागपूरला कॉलेजात आल्यावर मला हा खेळ खेळणारी मुलं भेटली, खऱ्या फाशाने खेळणारी. तिथे मला कळलं की प्रत्येक वेळी वीसही आकडे पुन्हा आत असतात. गेल्या दिवाळीत मी मास्तरांसाठी तसा एक निळा फासा घेऊन गेलो. आमचा एक डाव अर्धा झाला होता. मी गजाननसमोर मोठ्या ऐटीत सांगितलं, "मास्तर, आपण इतकी वर्षं चुकीचं खेळलो. निघालेला आकडा परत येऊ शकतो." त्यांनी फासा टाकला. दोन आला. पुन्हा टाकला, पुन्हा दोन. "म्हंजे याले काहीच याद राह्यत नाई," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर असन. तुम्ही शिकलेले." मला ते कधी तुम्ही म्हणत नसत. आणि मी... मला त्याचाही अभिमान वाटला.

परतीच्या एसटीत, पांढरकवडा मागे पडल्यावर, मला त्यांचं ऑपरेशन आठवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांची पुन्हा तपासणी होती. मी कोणाला काय सांगून आलो, ते तेव्हा समजलं. फोन करून म्हणायचं होतं, मास्तर, तो नियम त्या मासिकवाल्यांचा, आपला नियम आपला. रोज ठरवलं. आधी लाज वाटली, मग परीक्षा आली, मग इतका उशीर झाला की काय बोलावं तेच सुचेना. दुखणं परतल्याचं मला कोणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

फोन वैशालीचा आला. सकाळची वेळ होती, मी लायब्ररीच्या जिन्यात होतो. "दादा, बाबा गेले," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. तुमचा नंबर बाबाच्या मापाच्या वहीत होता, आज सापडला." मग ती म्हणाली, "थे पिशवी तुमच्यासाठी ठेवली हाय. मांगच्या महिन्यात मी घर आवरून राह्यली होती तं डब्यातले चिंचोके पिशवीत टाकाले गेली, तं बाबा मले रागावले. म्हणे, डाव अर्धा हाय, निघालेले परत टाकू नको. निलेश आला का उरलेले काढन."

मी विचारलं, "डब्यात पाहतेस का? एक नंबरचा निघालाय का?"

बटणांमधून चिंचोके वेचल्याचा आवाज फोनवर येत राहिला...

"हाव दादा," ती म्हणाली. "एक नंबर डब्यातच हाय."