तातूचा क

माझी धाकटी जाऊ वैष्णवी घरात आली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. तिच्यात खोड काढायला जागाच नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

मी नामपूरची, डी.एड. झालेली. इथल्या द्वारका चौकाजवळच्या ज्या शाळेत मी वर्ग घेते, तिथंच ती वाचा उपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झाली. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना तपासायचं, त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा. तिला स्वतंत्र खोली, खोलीत मोठा आरसा, दारावर पाटी. पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांकसुद्धा! ती खोली आधी मी मागितली होती. मुलांना बोलायला शिकवणं हे आमचं रोजचंच काम, असं मी मुख्याध्यापिका सुमनबाईंना म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, बारावी सायन्सनंतर बीएएसएलपीची, म्हणजे वाचा आणि श्रवणशास्त्राची पदवी लागते. चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. मग भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी, आणि ती टिकवायला अधूनमधून प्रशिक्षणं. डी.एड.वर ही पाटी लावता येत नाही."

मी बारावी आर्ट्सची. विषय संपला.

घरी तर कहरच. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमची धाकटी म्हणजे डॉक्टरच समजा." ती लगेच म्हणते, "डॉक्टर नाही हो, आई." मेलीला नम्रपणासुद्धा शोभून दिसतो.

माझी लेक कार्तिकी आमच्याच शाळेच्या बालवाडीत आहे. तिला क म्हणता येत नव्हता, त्याजागी त यायचा. नाव विचारलं की "तातिती". मुलं खिदळायची, ती माझ्यामागं लपायची. पहिलीत जाण्याआधी पोरीला स्वतःचं नाव धड सांगता यावं, एवढंच मला हवं होतं. मी तिला समोर बसवून "क म्हण, क!" करत राहायचे आणि ती रडायची. शेवटी सासूबाईंनी तिला वैष्णवीच्या हवाली केलं.

एकदा मधल्या सुट्टीत मी त्या खोलीत डोकावले. वैष्णवी माझ्या लेकीला गुळण्या करायला लावत होती आणि दोघी खदखदून हसत होत्या. एवढं शिकून गुळण्या! मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मी तिला छेडलंच.

"ताई, गुळणी करताना जिभेची मागची बाजू कुठं असते ते तिला कळतं," ती म्हणाली. "क तिथंच होतो. आता तिच्या तोंडात सारखा असणारा, क असलेला एक शब्द सांगा ना. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

राग आला की माझी माहेरची अहिराणी बाहेर पडते. "तिनं दिनभर तातू-तातू चालू शे! दुसरं काय?"

ती मान हलवून आत निघून गेली. बरी जिरली, असं मला वाटलं.

पुढं एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बाहेर वैष्णवीची स्कूटर थांबली, कार्तिकी दाराकडे धावली आणि ओरडली, "काकू!" खणखणीत, दोन्ही क जागेवर. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. काही दिवसांत "कार्तिकी"सुद्धा स्वच्छ आलं. मी हसत होते आणि आतून जळत होते. मला ती 'माय' म्हणते. त्यात क नाही. ते तिला पहिल्यापासूनच येतं, त्याची साखर कोण वाटणार?

वैष्णवी स्वयंपाकघरात आली. "ताई, शब्द तुम्हीच दिलात. अगदी बरोबर दिलात."

मी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.