मीठ राहिलं

आमच्या पाटोडीच्या रश्श्यात एका दुपारी तीनदा मीठ पडलं, आणि तिन्ही वेळा ते नियमाप्रमाणे पडलं. नियम मी केला होता.

आधी मी कोण ते सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं लोकांना बदल शिकवायचो. कंपनीत नवी पद्धत आली की मी एसीच्या खोलीत सगळ्यांना जमवायचो, पडद्यावर बाणांची चित्रं दाखवायचो आणि बदलाला घाबरू नका म्हणून सांगायचो. लोक अजिबात घाबरायचे नाहीत. झोपायचे. मग एक दिवस कंपनीतच असा काही बदल झाला की बदल शिकवणाऱ्याची गरज उरली नाही. (हा बदल मला कोणी चित्रं काढून समजावला नाही. एक मेल आला.) मी सामान बांधलं आणि नागपूरला, बेसा भागातल्या आमच्या घरी परतलो.

घरी आईचा केटरिंगचा व्यवसाय आहे. साखरपुडे, बारशी, वास्तुशांती असलं सगळं. आमचे पूर्वज विणकर. आजोबांच्या घरात हातमाग होते, आणि त्या खटखटीत शेजारच्या माणसाला पाणी मागायचं तरी ओरडावं लागे. पुढे माग गेले, आवाज राहिला. आमच्याकडे प्रेमाची गोष्टसुद्धा तीन घरांना ऐकू जाते.

आईचा भटारखाना याच आवाजावर चालायचा. तिथे एक कायदा आहे: देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणीही चव घ्यायची नाही. मग मीठ पडलं की नाही हे कळणार कसं? ओरडून. मधुकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ आणि आमच्या रश्श्याचे सर्वेसर्वा, मीठ टाकायचे आणि गरजायचे, "मीठ टाकलं वो." पलीकडे पाटोड्या, म्हणजे बेसनाच्या वड्या, कापणाऱ्या मंगलाताई ओरडायच्या, "आयकलं." दारातल्या खुर्चीवरून आई ओरडायची, "किती?" काका सांगायचे, "बराबर." एवढं झालं की मीठ पडलं हे आख्ख्या गल्लीला माहीत व्हायचं.

आईचे गुडघे आता कुरकुरत होते. एक दिवस ती मला म्हणाली, "राजू, ढोबळेसाहेबाच्या पोरीचा साखरपुडा आला आहे. हा तू चालव. नीट पार पडला तं सगळं तुह्या हाती. नाही तं गंज-पराती विकून टाकते अन् मोकळी होते. मले आता उभं नाही राहावत."

गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. ते विकले गेले असते तर काकांनी कुठे जायचं, मंगलाताईंनी कुठे जायचं, आणि मुख्य म्हणजे मी कुठे जायचं? एक नोकरी गेलेली होतीच. आईच्या हाताखालूनही काढला गेलो असतो तर नागपुरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तेव्हा मी कामाला लागलो. पहिली गोष्ट, बदलाला विरोध कोण करणार हे आधी हेरायचं. मी मधुकाकांना हेरलं. दुसरी गोष्ट, सभा. अंगणात खुर्च्या मांडून मी जाहीर केलं की यापुढे भटारखान्यात ओरडायचं नाही. सगळं मोबाइलवरच्या ग्रुपवर विचारलं जाईल आणि उत्तर एकाच शब्दात द्यायचं.

"एका शब्दात काहून?" काकांनी विचारलं.

"वेळ वाचतो. काम झालं असेल तर झालं लिहा, राहिलं असेल तर राहिलं लिहा."

"अन् करून राहिलो असलो तं?"

"तेही एकाच शब्दात."

"कोणत्या?"

"तुम्ही ठरवा ना, काका. खालच्या माणसाला स्वतः ठरवू द्यावं, असं आम्ही कंपनीत शिकवायचो."

"मी खालचा काहून गा? मी तुह्या बापाचा भाऊ होय."

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. नागपूरकडचा माणूस जेवत असला तर जेवतो आहे म्हणत नाही, जेवून राहिलो म्हणतो. पाऊस येऊन राहिला म्हणजे तो येतो आहे. पुण्यात मी सुरुवातीला असंच बोलायचो, तेव्हा लोक विचारायचे, "राहिलं म्हणजे केलं नाही का?" हसू होऊ नये म्हणून मी ते बोलणं सोडलं. इतकं सोडलं की त्यासोबत ऐकणंही सुटलं.

साखरपुड्याच्या दिवशी बेसातल्याच एका हॉलच्या मागच्या शेडमध्ये चुली पेटल्या. मी पुढे मांडवात उभा, हातात फोन, अंगात इस्त्रीचा शर्ट. मागे इतकी शांतता की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. आई दारात खुर्चीवर बसून होती. ती म्हणाली, "एवढं शांत तं आमच्याकडे कोणी गेल्यावरही नसते रे. मले झोप येऊन राहिली."

"यालाच पद्धत म्हणतात, आई," मी म्हणालो.

मी ग्रुपवर पहिला प्रश्न टाकला: "कांदा?" मंगलाताईंचं उत्तर आलं: "राहिला." इतक्या उशिरापर्यंत कांदा चिरायचा राहिला? मी ताबडतोब वाढपाच्या मुलींना बसवून दुसरं पोतं फोडायला लावलं. थोड्या वेळाने पाहतो तर कांद्याचे दोन डोंगर तयार. मंगलाताई डोळे पुसत (कांद्यामुळे, असं मी तेव्हा धरून चाललो) म्हणाल्या, "एवढा कांदा कायले लागते भाऊ?" मी म्हणालो, "असू द्या. तयारी जास्त असलेली बरी."

मग मी विचारलं: "मीठ?" त्या क्षणी मधुकाका रश्श्याच्या गंजात एका हाताने मीठ टाकत होते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवत होते. मिठाचं होऊन राहिलं, असं त्यांना कळवायचं होतं. शब्द एकच मंजूर होता. त्यांनी शेवटचा पाठवला: "राहिलं."

पाहा, मला वाटलंच होतं. विरोध सुरू झाला. मी वाद न घालता (नेत्याने वाद घालू नये) मंगलाताईंना निरोप धाडला, "रश्श्यात मीठ टाका." तोवर काका गोळाभाताकडे वळले होते. मंगलाताई उठल्या आणि मीठ घेऊन गंजाशी गेल्या. पूर्वी त्यांनी तिथूनच हाक दिली असती, "भाऊजी, मीठ टाकू का वो?" पण ओरडायला बंदी होती. त्या टाकत असतानाच माझा पुढचा प्रश्न त्यांच्या हातातल्या फोनवर वाजला: "मीठ?" आणि त्या बिचारीने नियम पाळला: "राहिलं."

आता मात्र माझं डोकं तापलं. दोन माणसांना सांगून साधं मीठ पडत नाही म्हणजे काय? अशा वेळी नेत्याने स्वतः हात घालायचा असतो. मी बाह्या सरसावून शेडमध्ये गेलो. गंज एकटाच उकळत होता. मी भरघोस मीठ टाकलं, डाव फिरवला आणि ग्रुपवर मोठ्या समाधानाने लिहिलं: "झालं." त्या दिवशी आमच्या ग्रुपवर आलेलं ते एकमेव 'झालं'. काका आणि मंगलाताई दोघांनीही मला अंगठा दाखवला.

नैवेद्याचं ताट देवापुढे गेलं. देवाने काही तक्रार केली नाही. ताट परत आलं आणि रिवाजाप्रमाणे पहिला घास आईने घेतला. पाटोडीचा तुकडा तिने रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मग ती पाणी प्याली. मग आणखी पाणी प्याली.

"राजू," ती हळूच म्हणाली, "इकडे ये."

आई हळू बोलली की मला लहानपणापासून पळून जावंसं वाटतं. मी घास घेतला. जीभ आत ओढली गेली. मांडवात अंगठ्या घालून झाल्या होत्या, आणि पाहुणे पंगतीकडे निघाले होते.

"मीठ कोणं टाकलं?" आईने विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"मी," मंगलाताई म्हणाल्या.

"मी," मी म्हणालो.

मी काकांकडे वळलो. "काका, तुम्ही तर राहिलं लिहिलं होतं."

"मंग? होऊन राहिलं होतं ना बाप्पा. एकच शब्द लिहायचा तं दुसरा कोणता लिहू? होऊन?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "भैताडा," ती म्हणाली, "तू नागपूरचाच ना रे?"

मला खरंच रडू आलं. कांदा दूर होता, त्यामुळे तेही कारण देता येईना. डोळ्यांसमोर सगळे गंज आणि पराती ओळीने हातगाडीवर चढताना दिसल्या. मी म्हणालो, "आई, आता काय करू?"

"तू काही करू नको. तेवढंच कर."

आणि गुडघ्यांवर हात दाबत आई उठली. तिने पदर खोचला आणि तिच्या तोंडून जी हाक निघाली ती ऐकून मांडवातला सनईवाला थांबला. "मधू, रस्सा दोन गंजांत ओत. मंगला, थो जास्तीचा कांदा आण, सगळा. खोबरं भाज. बिनमिठाच्या पाटोड्या कर." काका गरजले, "ओतला वो वहिनी." मंगलाताई ओरडल्या, "कांदा पडला वो." वाढपाच्या मुलीही ओरडायला लागल्या. सकाळपासून दाबून धरलेला आवाज सगळ्यांनी एकदम सोडला. माझ्या चुकीने चिरलेला कांदा माझ्या चुकीने खारट झालेल्या रश्श्यात गेला, आणि त्या दिवशी माझ्या हातून झालेलं ते एवढंच उपयोगाचं काम. मी पुढे जाऊन ढोबळेसाहेबांना म्हटलं, "साहेब, थोडे फोटो काढून घ्या ना. उजेड छान आहे."

त्यांनी घराण्यातल्या यच्चयावत माणसांसोबत फोटो काढले. तेवढ्यात मागून आईची हाक आली, "मीठ पायजे का?" आणि सगळ्या भटारखान्याने एका सुरात उत्तर दिलं, "नाही." मग पंगत बसली.

रस्सा किती झाला होता म्हणून सांगू? ताटात झाला, वाटीत झाला, जावयाच्या गावाला डब्यात गेला. ढोबळेसाहेब जेवून उठले, घाम पुसत आईला म्हणाले, "वहिनी, हात न आखडता वाढलं तुम्ही. लग्नालेही तुम्हीच. अन् रस्सा असाच पायजे, भरपूर." आई म्हणाली, "हाव." माझ्याकडे तिने पाहिलं नाही, ही तिची माया.

संध्याकाळी भांडी घासून पालथी पडली. मी आईजवळ जाऊन बसलो. विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं, "मग? गंज विकणार?"

"लग्नाची ऑर्डर घेतली ना. मंग कशात बनवू, तुह्या फोनमध्ये?" ती पाय चोळत म्हणाली. "उद्यापासून तूच चालव. फक्त एक कर. आधी ओरडायले शिक."

तेव्हापासून मी रोज सकाळी मधुकाकांच्या हाताखाली ओरडायला शिकतो. काका म्हणतात, आवाज पोटातून येऊन राहिला नाही, गळ्यातून येऊन राहिला.

परवा पुण्याच्या जुन्या साहेबांचा मेसेज आला. त्यांना घाई असते. "घरचा व्यवसाय हाती घेतलास असं ऐकलं. तू तर बदलातला जाणकार माणूस. तिथे बदल झाला का? एका शब्दात कळव."

मी बराच विचार केला, आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "राहिला."