चिनी पेटीतला बहरीनी माल

अल्युमिनियमच्या कारखान्यात दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान वितळवता तरी येतं!

बहरीनमध्ये अस्करला आमची फॉइलची फॅक्टरी. मी एक्स्पोर्ट बघतो, आणि पॅकिंगचे फोरमन रत्नागिरीचे नजीरभाई. युरोपने चिनी फॉइलवर जबर आयात-ड्युटी लावली. मग त्यांना संशय आला, की चीनचाच माल काहीजण दुसऱ्या देशाचं नाव लावून विकतात. आमच्याकडेही तपासायला युरोपचे एक साहेब येणार होते. माल चिनी ठरला तर लाइन बंद, आणि साठीला टेकलेल्या नजीरभाईंचा व्हिसा आधी खलास. त्यांच्या धाकटीचं नर्सिंग अजून चालू होतं.

*

गल्फमधल्या कोकणी माणसाला चांगलं खोकं टाकवत नाही. चीनहून मशीनचे पार्ट ज्या लाकडी पेट्यांतून येत, त्या नजीरभाई जपून ठेवत. साहेबांसाठी सॅम्पलचे रोल त्यांनी सगळ्यात देखण्या पेटीत मांडले. साहेबांनी पेटी बघितली. वर ही एवढी मोठी चिनी अक्षरं!

"भाई, हे काय केलंत?" मी पुटपुटलो.

"अरे, पेटी मजबूत हाय. फेकायची कशाला?"

हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला.

*

साहेब कडक. चहा विचारला. "नो. रूल्स." खजूर? "नो." पाणीसुद्धा स्वतःचं आणलेलं!

नजीरभाईंना स्वतःच्या व्हिसापेक्षा याचंच वाईट वाटलं. "उपाशी गेला तर त्याची बायको आपल्याला काय म्हणेल?"

*

मग चिनी माल कुठे लपवलाय का म्हणून साहेब सगळीकडे पेट्या शोधत फिरले. चपलांचा रॅक, कूलरचा स्टँड, भाईंचं बसायचं स्टूल, सगळं चिनी पेट्यांचं! साहेबांना पहिल्यांदा हसू आलं. आमचा जीव भांड्यात पडला.

*

भट्टीपासून पॅकिंगपर्यंत सगळं तपासून संध्याकाळी साहेब म्हणाले, "माझ्या मते माल बहरीनचाच."

आम्ही टाळ्या वाजवल्या. नजीरभाईंनी विचारलं, "पण कच्चा माल तर बाहेरून येतो ना?"

साहेबांनी समजावलं, "बाहेरून आला तरी चालतो. इथे तापला, इथे लाटला गेला, त्याचं रूप बदललं, की तो इथला."

नजीरभाईंनी मान डोलावली. मग मला म्हणाले, "साहेबांना विचार. मी पण बाहेरूनच आलो. मिशी फुटली नव्हती तेव्हा. इथंच तापलो, इथंच लाटला गेलो. मग मी कुठला?"

मी विचारलं.

साहेबांनी हेल्मेट काढलं, चिनी पेटीचं स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "चहा आहे का?"